नायकाचं आडनाव काय?

रायपूरला दोन मराठी माणसं भेटली की बोलणं लवकरच ठरलेल्या प्रश्नावर येतं, "आडनाव काय? मूळ गाव कुठलं?" परमुलखात आपलं माणूस शोधायची ती रीत आहे आणि त्यात मायाही असते. पण त्याच प्रश्नात माणूस तोलायचा एक तराजूही दडलेला असतो. हा तराजू आपल्या लाडक्या सिनेमांतही असतो. 'स्टार वॉर्स'मध्ये तर तो मला सगळ्यात जास्त खटकतो.

१९७७ साली जॉर्ज लुकस यांचा पहिला 'स्टार वॉर्स' आला. वाळवंटी ग्रहावर काका-काकूंच्या शेतावर राबणारा ल्यूक हा त्याचा नायक. ओबी-वॅन नावाचा म्हातारा योद्धा त्याला 'फोर्स' या शक्तीबद्दल सांगतो. ती सगळ्या सजीवांतून निर्माण होते आणि सगळ्यांना वेढून असते. म्हणजे ती कोणाच्या मालकीची नाही. किती सुंदर कल्पना!

१९८०च्या भागात कळतं की खलनायक डार्थ वेडर हाच ल्यूकचा बाप. हा धक्का आजही काम करतो, कारण इथे घराणं बक्षीस म्हणून मिळत नाही, ते ओझं होऊन येतं. १९८३मध्ये ल्यूक बापासारखं व्हायला नकार देतो, हातातली तलवार फेकून देतो. वारसा नाकारणारा नायक मला फार आवडतो.

पण १९९९च्या 'द फँटम मेनेस'मध्ये एका लहान मुलाचं रक्त तपासलं जातं आणि त्यात किती शक्ती आहे याचा चक्क आकडा निघतो. सगळ्यांना वेढणारी शक्ती आता पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये आली. २०१७च्या 'द लास्ट जेडाय'ने पुन्हा दार उघडलं. नायिका रे हिला सांगितलं जातं की तुझे आईबाप कोणी मोठे नव्हते, दारूच्या पैशांसाठी त्यांनी तुला विकलं. शेवटी तबेल्यात काम करणारा एक अनोळखी पोरगा फोर्सने झाडू ओढून हातात घेतो. या भागावरून चाहत्यांत उभी फूट पडली. दोनच वर्षांनी, २०१९मध्ये, पुढच्या भागाने सांगितलं की रे ही खरं तर दुष्ट सम्राटाची नात आहे. सिनेमाच्या अखेरीस तिला कोणीतरी नाव विचारतं, तेव्हा ती 'स्कायवॉकर' हे ल्यूकचं आडनाव लावते. सम्राटाचं रक्त नाकारून तिने स्वतः निवडलेलं हे नाव आहे, हे खरं. पण नुसती 'रे' असणं पुरे पडलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आपल्याकडेही हेच. राकेश रोशन यांच्या 'कोई... मिल गया'मध्ये (२००३) रोहितला जादूकडून शक्ती मिळते. पण त्याआधीच त्याची लहान दोस्तमंडळी त्याच्या बाजूने उभी असतात. त्या सिनेमातला सगळ्यात प्रेमळ भाग मला तोच वाटतो. 'क्रिश'मध्ये (२००६) ती शक्ती मुलाला जन्मतःच मिळते. परग्रहावरून आलेली भेट वडिलोपार्जित इस्टेट होऊन जाते. 'बाहुबली'चा (२०१५) नायक राजपुत्र असल्याचं कळण्याआधीच तो अवाढव्य धबधबा चढून जातो. मग नंतर राजरक्ताचं कारण कशाला? जिद्द पुरेशी नव्हती का?

आता तुम्ही म्हणाल, गोष्टींमध्ये हे असंच असतं. बरोबर आहे. महाभारतात भर रंगभूमीवर कर्णाला त्याचं कुळ विचारलं जातं, तेव्हा आपल्याला संताप येतो. पण शेवटी तोही कुंतीचाच मुलगा निघतो. सूतपुत्र म्हणूनच तो तेवढा मोठा ठरला असता, तर?

माझ्या मते हा प्रश्न निव्वळ करमणुकीचा नाही. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणं म्हणजे काय, हे नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'ने (२०१३) दाखवलं. जब्या हुशार आहे, स्वप्नाळू आहे, पण गाव त्याला त्याच्या जातीपलीकडे पाहतच नाही. शेवटी त्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या अंगावर येतो. जे रक्त ल्यूकला सिंहासनाजवळ नेतं, तेच मोजमाप जब्याला डुकरामागे धावायला लावतं. एका गोष्टीत आपण टाळ्या वाजवतो, दुसरीत मान खाली घालतो. तराजू मात्र दोन्हीकडे तोच.

'स्टार वॉर्स'नेच याचं उत्तरही दिलं आहे. 'रोग वन'मध्ये (२०१६) महाकाय शस्त्राचे आराखडे चोरणारी टोळी साध्या माणसांची आहे. ती सगळी मरतात, आणि त्यांच्यामुळेच पुढे ल्यूक जिंकू शकतो. त्याच धाग्यावरच्या 'अँडॉर' मालिकेत (२०२२ आणि २०२५) तर एकही जेडाय योद्धा नाही. आहेत ते कारकून, मेकॅनिक, कैदी, दुकानदार. माझ्यासाठी या विश्वातलं हे सगळ्यात चांगलं काम आहे.

आणि मराठीत? १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर! आद्याक्षरं उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतलं होतं, कारण आपल्या नावाकडे पाहून कोणी कथेला झुकतं माप द्यावं, हे त्यांना नको होतं. मोठ्या नावाच्या माणसाने ते नाव बाजूला ठेवून रांगेत उभं राहणं मला कुठल्याही महाशक्तीपेक्षा भारी वाटतं.

मी पंडरीत राहते आणि कंटेंट रायटर आहे. कधी साड्यांची वर्णनं, कधी कंपन्यांच्या जाहिराती. त्याखाली माझं नाव नसतं. ओळ चांगली असेल तर लोक वाचतात, नसेल तर अंगठ्याने वर सरकवतात. कोणाची मुलगी, आडनाव काय, हे त्या स्क्रीनवर कोणी विचारत नाही. कधी कधी हे खुपतं, पण बहुतेक वेळा यातच मला मोकळं वाटतं.

म्हणून सिनेमे पाहणं सोडू नका. 'क्रिश' पाहा, 'बाहुबली' पाहा, मुलांना घेऊन 'स्टार वॉर्स'ही पाहा. फक्त सिनेमा संपल्यावर मुलांना एक प्रश्न जरूर विचारा : हा कोणाचाच वारस नसता, तर याने काय केलं असतं? मुलं फार भन्नाट उत्तरं देतात.