किल्ली कुठे असते

आमच्या शीवच्या घरात दारामागे एक खिळा आहे. सासऱ्यांनी ठोकलेला. १९९३ साली घरात पहिली गाडी आली, पांढरी मारुती ८००, तेव्हापासून तिची किल्ली त्या खिळ्यावर असायची. जो बाहेर जाईल त्याने घ्यायची, आल्यावर परत अडकवायची. 'जो' म्हणजे हे, नाहीतर माझे धाकटे दीर.

१९९६ साली मी मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. सकाळी सहाची बॅच, जुनी प्रीमियर पद्मिनी, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, आणि शेजारी बसलेल्या उस्तादांच्या पायाखाली जास्तीचा एक ब्रेक. महिनाभराने परीक्षा दिली, पहिल्या फटक्यात पास झाले. घरी पेढे आणले. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात स्टेशनजवळच्या पुलावरून उतरताना समोरून बस आली, मी गाडी डावीकडे जरा जास्तच घेतली आणि ती कठड्याला घासली. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत एक लांब ओरखडा.

हे अजिबात ओरडले नाहीत. उलट "तुला लागलं नाही ना?" म्हणाले. डेंटिंग-पेंटिंगचे पैसे दिले, चहा घेतला आणि म्हणाले, "आता राहू दे. कुठे जायचं असेल तर मी सोडत जाईन." दुसऱ्या दिवशी किल्ली खिळ्यावर नव्हती, यांच्या खिशात होती. कुणी काही जाहीर केलं नाही, कुणी भांडलं नाही. मीही नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच वाटलं होतं.

त्याच गाडीला दिरांनी दोनदा ठोकलं होतं. एकदा खंडाळ्याच्या घाटात दिवा आणि बंपर गेला, एकदा रेडिएटर फुटला. ते दोन्ही किस्से आमच्याकडे लग्नकार्यात अजून सांगितले जातात, हातवाऱ्यांसकट. माझ्या ओरखड्याचा किस्सा झाला नाही. त्याचा निर्णय झाला.

माझा परवाना त्यानंतर सतरा वर्षं कपाटात, बँकेच्या पासबुकांखाली पडून होता. कोराच्या कोरा, एकही दंड नाही.

२०१३च्या सुरुवातीला ठाण्याहून थोरल्या वन्संचा फोन आला. वन्सं बँकेत होत्या, स्वतःच्या पगारातून घेतलेली वॅगन-आर स्वतः चालवायच्या. त्या वर्षांत मुंबईहून बायकांच्या मोटार रॅली निघायच्या. लवासापर्यंत एक जायची, आणि वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनची महिला दिनाच्या सुमारास अँबी व्हॅलीपर्यंत जायची. वन्संनी अशाच एका रॅलीत नाव दिलं होतं. "गाडी मी चालवते गं," म्हणाल्या, "पण शेजारी बसून कागद वाचायला नि हिशेब करायला कुणीतरी हवंय. तुझं गणित चांगलं आहे."

रॅली म्हणजे सुसाट पळणं, अशी माझी समजूत होती. ही रॅली टाइम-स्पीड-डिस्टन्स प्रकारची, म्हणजे वेगाची नाही, वेळेची परीक्षा. रस्ता सगळ्यांसाठी खुला, रहदारी नेहमीची. सुटायच्या थोडा वेळ आधी हातात एक वही देतात. तिच्यात गावांची नावं कमी, ठिपका आणि बाण जास्त. ठिपका म्हणजे तुम्ही आहात ती जागा, बाण म्हणजे जायची दिशा. शेजारी किलोमीटरचे आकडे, आणि कुठल्या टप्प्यात सरासरी किती वेग राखायचा ते. १२.४ किलोमीटर, ताशी ३६चा वेग, म्हणजे २० मिनिटं ४० सेकंद. वाटेत पंच कुठे उभे असतील ते सांगत नाहीत. उशीर झाला तर दंड, आणि लवकर पोचलात तर आमच्या रॅलीत त्याहून जास्त. त्यात प्रत्येक गाडीचं मीटर थोडं वेगळं धावतं. सुरुवातीच्या मोजलेल्या टप्प्यात आपलं मीटर किती खोटं बोलतंय ते ताडायचं आणि मग दिवसभर प्रत्येक आकडा त्या हिशेबात बसवायचा.

शीव म्हणजे वेस. मुंबईचं बेट इथे संपायचं आणि पलीकडे साष्टी सुरू व्हायची. पुण्याकडे जाणारा रस्ताही आमच्या दारातूनच निघतो: चेंबूर, मानखुर्द, वाशीचा पूल, पनवेल. त्या रस्त्याने मी शेकडो वेळा गेले होते, मागच्या सीटवर, मांडीवर डबा घेऊन. पुढच्या सीटवर बसून, रस्ता मी सांगतेय आणि गाडी त्याप्रमाणे वळतेय, हे पहिल्यांदाच होत होतं.

लोणावळा ओलांडेपर्यंत आमचं बरं चाललं होतं. कामशेतपाशी मी चुकले. पवना धरणाकडे जाणारं उजवीकडचं वळण वहीत स्पष्ट दाखवलं होतं, पण मी आदल्या टप्प्याचं गणित करत बसले आणि वळण मागे राहिलं. लक्षात आलं तेव्हा आम्ही चांगल्या तीन किलोमीटर पुढे होतो. माझ्या पोटात खड्डा पडला. आता या काहीतरी बोलणार, निदान उसासा तरी टाकणार, म्हणून मी वहीत डोकं खुपसून बसले. वन्संनी गाडी कडेला घेतली, आरसा बघितला, वळवली आणि म्हणाल्या, "पुढचा आकडा सांग."

एवढंच. बरीच मिनिटं गेली होती, ती परत येणार नव्हती, आणि त्यांना माझ्याकडून पुढचा आकडा हवा होता. आमचा नंबर यादीत बराच खाली लागला. परत येताना मी खिडकीकडे तोंड करून थोडी रडले. नंबराचं काही नव्हतं. चुकल्यानंतरही काम आपल्याच हातात राहतं, हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळत होतं.

त्यानंतर मी या खेळाबद्दल मिळेल ते वाचायला लागले. पहिलं आश्चर्य हे, की मोटार शर्यतीत बायका-पुरुष असे वेगळे गट मुळात नाहीतच. धावणं, पोहणं, टेनिस, सगळीकडे दोन रांगा. इथे एकच. फॉर्म्युला वनमध्ये बाईला मनाई करणारा नियम नाही. तरीही १९७६ नंतर तिथल्या एकाही शर्यतीत बाई उतरलेली नाही. इटलीच्या लेला लोम्बार्दीने १९७५ साली बार्सिलोनात सहावी येऊन गुण मिळवला. अपघातामुळे शर्यत मध्येच थांबवली म्हणून सगळ्यांना निम्मे गुण मिळाले. फॉर्म्युला वनच्या इतिहासात बायकांच्या खात्यावर आजवर जमा आहे तो एवढाच, अर्धा गुण.

लेलाचा बाप खाटीक होता, आणि ती गाडी शिकली दुकानाच्या डिलिव्हरीच्या व्हॅनवर. फ्रान्सची मिशेल मुतों १९८१ साली इटलीतली सान रेमो रॅली जिंकली. जागतिक रॅली स्पर्धेची फेरी जिंकणारी ती पहिली बाई. पुढच्या वर्षी तीन फेऱ्या जिंकून ती विश्वविजेतेपदाच्या शर्यतीत दुसरी आली. तिच्या शेजारी वही वाचायला फाब्रिझिया पोन्स होती, तीही बाईच. मिशेलच्या वडिलांनी तिला सुरुवातीला गाडी घेऊन दिली होती आणि सांगितलं होतं, एक वर्ष, त्यात काय ते करून दाखव. १९८२ साली आयव्हरी कोस्टच्या रॅलीच्या तोंडावर ते वारले. ती तरीही उतरली, पुढे होती, आणि शेवटी गाडी ठोकून बाहेर पडली. विजेतेपद वॉल्टर रोर्लकडे गेलं.

या गोष्टी वाचताना मला वेगापेक्षा त्या व्हॅनचं आणि त्या एका वर्षाचं महत्त्व जास्त वाटत गेलं. बायकांच्या मानेत जोर कमी, प्रतिक्रिया मंद, अशी कारणं लोक देतात. पण हा खेळ शिकायचा एकच मार्ग आहे: तासन्‌तास गाडीत बसणं. ब्रेक उशिरा दाबून बघायचा, गाडी घसरू द्यायची, ठोकायची, दुरुस्त करायची आणि परत बसायचं. प्रत्येक चुकीची किंमत रोकड पैशांत असते, आणि ती दुसरं कुणीतरी भरत असतं. मुलगा सात-आठ वर्षांचा असताना कार्टिंगला बसतो आणि त्याचा बाप टायरांचं बिल भरतो, तेव्हा तो त्याला चुका विकत घेऊन देत असतो. मुलीसाठी असं बिल भरणारं घर विरळा. मग वीस वर्षांनी आपण विचारतो, बायका दिसत का नाहीत? २०२३ पासून एफ वन अकादमी ही फक्त मुलींची मालिका सुरू झाली. मला ती सवलत वाटत नाही. उशिरा भरलेलं बिल वाटतं.

हे सगळं मी फार शहाणपणाने लिहिते आहे, पण एक गोष्ट अजून सांगितलेली नाही. २०११ साली, म्हणजे रॅलीच्या दोन वर्षं आधी, माझी मुलगी अठरा वर्षांची झाली. लगेच गाडी शिकली. एका संध्याकाळी सोसायटीच्या आवारात रिव्हर्स घेताना मागचा दिवा फोडून वर आली. हे दौऱ्यावर होते. तिच्या हातातून किल्ली मी घेतली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. म्हणाले, "कशाला हवीय? ट्रेन आहे, बस आहे." आवाज चढवला नाही. हे १९९६ साली बोलले होते तसंच प्रेमाने बोलले. ती नंतर बंगळुरूला नोकरीला गेली. तिथे ती गाडी चालवत नाही. "मला जमत नाही," असं ती मैत्रिणींना सांगते. मी ते ऐकलं आहे.

ऑगस्ट २०२४मध्ये आमच्याकडे दोन गोष्टी घडल्या. एक तारखेला शीव स्टेशनचा १९१२ साली बांधलेला पूल पाडण्यासाठी बंद झाला. मी गाडी घासली तो हाच पूल. पूर्वेकडून पश्चिमेला जायचे सगळे रस्ते नव्याने शिकावे लागणार होते, ह्यांनाही. आणि त्याच महिन्यात बातमी वाचली: पुण्याच्या डायना पंडोले यांनी चेन्नईच्या ट्रॅकवर एमआरएफ सलून गटाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. पुरुषांसोबतच्या शर्यतीत मोटारींची राष्ट्रीय स्पर्धा जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. दोन मुलांची आई, पूर्वी शिक्षिका.

बातमी मी ह्यांना वाचून दाखवली. "वा!" म्हणाले. मी म्हटलं, "किल्ली आजपासून खिळ्यावर ठेवत जा." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मग उठले, खिशातून किल्ली काढली आणि अडकवली. पहिले काही रविवार पहाटे ते शेजारी बसायचे आणि पायाने नसलेला ब्रेक दाबायचे. मला उस्तादांची आठवण यायची. मी काही बोलले नाही. त्यांचंही शिकणं चाललं होतं.

दिवाळीला मुलगी आली. नरकचतुर्दशीच्या दिवशी फराळाचा डबा वन्संकडे पोचवायचा होता. मी म्हटलं, "किल्ली तिथे आहे." ती खिळ्याकडे बघत राहिली. "आई, मला जमणार नाही गं." मी डबा तिच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेले. भांडी घासत होते, पण कान लिफ्टकडे होते. दोन तासांनी परत आली ती दारातच उभी राहिली, चेहरा अठरा वर्षांच्या मुलीचा. वळताना बंपर खांबाला घासला होता.

"वन्सं काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"त्यांना खूप आनंद झाला. उद्या परत ये म्हणाल्या."

"मग किल्ली लाव खिळ्यावर," मी म्हटलं, "नि हातपाय धू. जेवायला बसू."