कुपीत उरलेलं औषध

बॉर्टेझोमिब हे मल्टिपल मायलोमावरचं इंजेक्शन अमेरिकेत वर्षानुवर्षं ३.५ मिलिग्रॅमच्या कुपीतून दिलं गेलं. मात्रा मात्र अंगाच्या क्षेत्रफळावर ठरते: दर चौरस मीटरला १.३ मिलिग्रॅम, म्हणजे १.७ चौरस मीटरच्या रुग्णाला सुमारे २.२. मेडिकेअर या तिथल्या सरकारी आरोग्यविम्याच्या बिलात त्याचा कोड जे९०४१, युनिट ०.१ मिलिग्रॅमचं. दिलेली २२ युनिटं एका ओळीत, फेकलेली १३ ‘जेडब्ल्यू’ मॉडिफायर लावून दुसरीत. पुण्यात बसून तिथल्या रुग्णांचे चार्ट वाचून बिलाचे कोड लावणाऱ्या आम्हा कोडरांच्या कामाचं खरं मोल मला त्या दुसऱ्या ओळीत दिसतं. पैसे ३५ युनिटांचेच मिळतात, मग फोड कशाला, असं विचारलं जातं. दवाखान्याच्या हिशेबापुरतं ते बरोबर आहे. पण मेडिकेअरच्या ‘पार्ट बी’ या भागातला रुग्ण आपला २० टक्के वाटा फेकलेल्या औषधावरही भरतो, आणि कुपी केवढी असावी हे तो ठरवत नाही, नर्सही नाही. ते कंपनी ठरवते. हेच औषध युरोपात १ मिलिग्रॅमच्या कुपीतही मिळत होतं. २०१७ पासून एकमात्रा कुपींना जेडब्ल्यू सक्तीचा झाला आणि नासाडी मोजता येऊ लागली. पुढे २०२१ च्या कायद्याने साधारणपणे दहा टक्क्यांवरच्या नासाडीचा परतावा कंपन्यांवर घातला.

तरी एक भोक राहिलं होतं. जेडब्ल्यू नसलेलं बिल काय सांगतं? काहीच उरलं नाही, की उरलेलं कुणी लिहिलं नाही? दोन्ही बिलं हुबेहूब दिसत. म्हणून जुलै २०२३ पासून ‘काही टाकलं नाही’ हेही ‘जेझेड’ लावून सांगावं लागतं. रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारी दोन अक्षरं मला आमच्या सगळ्या कोडबुकात दिसत नाहीत.

कोड लावण्याचं हे काम सॉफ्टवेअर करेल, असंही म्हणतात. गुणाकार ते बिनचूक करतंच. पण जेडब्ल्यू नाही तिथे आपोआप जेझेड बसवलं, की न लिहिलेलं पुन्हा शून्य होऊन बसतं, या वेळी सहीशिक्क्यानिशी. नोंदीत नुसतं ‘२.२ दिलं’ असेल, तर ३.५ मधून वजाबाकी कुणालाही जमते. पण किती टाकलं हे चार्टमध्ये लिहिलेलं असावं लागतं, आपण काढलेलं नव्हे. तेव्हा क्लेम थांबवावा आणि दवाखान्याला विचारावं, त्या दिवसाचं टार्गेट हुकलं तरी.