ज्ञानपंचमी आणि संगणकातील पाने

कार्तिक शुद्ध पंचमी व्यापारी घराला दोन नावांनी परिचित आहे. पेढीवर ती लाभपंचमी. नव्या वहीचा मुहूर्त त्या दिवशी होतो. उपाश्रयात ती ज्ञानपंचमी. ग्रंथ बाहेर काढून धूळ झटकली जाते, वेष्टने तपासली जातात. दिगंबर परंपरेत श्रुताचे असेच स्मरण ज्येष्ठ शुद्ध पंचमीला होते. धन असो वा ज्ञान, ते सांभाळल्याविना टिकत नाही, ही जाण या दोन्ही पंचम्यांमागे आहे.

समाजाने ही जाण कृतीत आणली आहे. मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर शतकानुशतके जपलेल्या धवला टीकेच्या नकला परिश्रमाने बाहेर आल्या आणि डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ साली तिचा पहिला खंड आपल्या विदर्भातील अमरावतीहून प्रसिद्ध झाला. वर्धा जिल्ह्यातील पवनारचे विनोबाजी यांच्या प्रेरणेने सर्व संप्रदायांना मान्य अशा ७५६ गाथा ‘समणसुत्तं’मध्ये एकत्र आल्या. नक्कल करणारा हात थांबला असता, तर पुढच्या पिढीला काय मिळाले असते?

हाच प्रश्न आता संगणकातील पानांविषयी विचारावयास हवा. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी येथील घरांतील मुले शिक्षण-नोकरीनिमित्त दूर गेली, तशी वंशावळ, चातुर्मासाचे वृत्तांत, तीर्थयात्रांची छायाचित्रे आणि क्षमापनेचे संदेश कागदावरून संकेतस्थळांवर गेले. जागा फुकट मिळत होती. ती कोणाची, हे फारसे कोणी विचारले नाही.

फुकटच्या जागेचा धनी मात्र वेगळाच असतो. १९९४ साली सुरू झालेले जिओसिटीज याहू कंपनीने १९९९ साली घेतले आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केले. आर्काइव्ह टीम या स्वयंसेवकांच्या गटाने व इंटरनेट आर्काइव्हने धावपळ करून पुष्कळ पाने उतरवून घेतली. जी राहिली ती गेली. भारतात अतिशय लोकप्रिय असलेले ऑर्कुट बंद होणार, ही सूचना ३० जून २०१४ रोजी आली आणि ३० सप्टेंबरला ते बंद झाले. तीन महिन्यांची मुदत वाचली त्याने आपले साहित्य उतरवून घेतले. याहू ग्रुप्सवरील जुना संग्रहही डिसेंबर २०१९ मध्ये काढून टाकण्यात आला.

बँकेतील ठेव परत करण्यास बँक कायद्याने बांधलेली असते. संकेतस्थळाच्या फुकट जागेला ठेव म्हणता येत नाही. ते परक्याच्या गोदामात ठेवलेले सामान होय. गोदाम रिकामे करण्याची नोटीस आल्यावर धावणे महाग पडते. शिवाय ती नोटीस बहुधा ज्याने स्थळ उभारले त्याच्याच ईमेलवर येते. तो स्वयंसेवक गाव सोडून गेला असेल, पासवर्ड दुसऱ्या कोणास ठाऊक नसेल, नावाच्या नोंदणीचे वार्षिक शुल्क राहून गेले असेल, तर मोठ्या कंपनीने दार लावण्याचीही गरज उरत नाही.

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक पान उतरवून दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावे. सार्वजनिक पानांची नोंद इंटरनेट आर्काइव्हमध्येही करावी. जुनी मराठी पाने अनेकदा विशिष्ट फाँटवर अवलंबून असतात. तो फाँट नसेल तर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात, म्हणून ती युनिकोडमध्ये आणावीत. छायाचित्राखाली नावे, गाव व साल लिहावे. ती सांगू शकणारे वडीलधारे आहेत तोवरच हे शक्य आहे. पासवर्ड दोन विश्वस्तांकडे असावा. मात्र विवाहेच्छूंची माहिती, दूरध्वनी क्रमांक, घरगुती पत्रव्यवहार संबंधितांच्या संमतीविना खुला करू नये. अपरिग्रह सांगणाऱ्या धर्मात सारेच साठवण्याचा हव्यासही शोभणारा नाही. पुढच्यांना उपयोगी पडेल ते निवडावे.

यंदाच्या ज्ञानपंचमीला ग्रंथांची वेष्टने तपासताना घरातील एखाद्या नातवंडाला शेजारी बसवून समाजाचे जुने संकेतस्थळही उघडून पाहावे. ते उघडले, तर त्याच दिवशी नक्कल करावी.