टोंकखुर्दच्या वाटेवर कळलेलं इंग्रजी

टोंकखुर्दची पाटी वाचली आणि मला हसूच आलं. आपल्या बेळगावजवळ कंग्राळी खुर्द आणि कंग्राळी बुद्रुक, तसं इथं देवास जिल्ह्यात टोंकखुर्द आणि टोंककलां! खुर्द म्हणजे धाकटं, बुद्रुक किंवा कलां म्हणजे थोरलं. शब्द मूळचे फारसी. आपल्याकडे तर पाटीवर 'के.एच.', 'बी.के.' अशी इंग्रजी अक्षरं असतात. तरी शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा बरोबर आपल्याच गावी उतरते. अर्थ वापरातून कळतो, तो असा.

माझी मावसबहीण, आमची अक्का, देवासला दिलेली. माहेरी मराठी आणि कन्नड, बाजारात हिंदी, शेजारी माळवी. चारही भाषांत ती भांडूसुद्धा शकते. पण इंग्रजीपुढं तिची वाचा बसते. मुलगा परदेशी आणि सात वर्षांच्या नातवाला इंग्रजीच येतं. दर रविवारी फोनवर तो विचारतो, 'हाउ आर यू, आजी?' अक्का शब्द जुळवून जुळवून गुडघ्याचं दुखणं सांगू लागते, तोवर पोरानं फोन बापाच्या हाती दिलेला असतो.

"ऐकायचं नसतं, तर विचारतो कशाला?" ती म्हणाली, तेव्हा तिचे डोळे भरले होते.

टोंकखुर्दला स्नेह्यांकडे लग्न होतं, म्हणून आम्ही दोघी निघालो होतो. माळव्याची काळी माती, हिरवा गहू, मधूनच शेततळी. या जिल्ह्यात २००६ साली शेततळ्यांची मोहीम सुरू झाली. त्या तळ्यांना नाव दिलं 'रेवासागर'. तळं शेतातलं, नाव नर्मदेचं!

गाडीतून उतरताच चहाच्या टपरीवरल्या एका म्हाताऱ्यानं हाक दिली, "कां जई रिया हो?" अक्का चालता चालता म्हणाली, "बस, यहीं तक. राम राम!" म्हातारा खूश.

मी तिला थांबवलं. "अक्का, कुणाचं लग्न, कुठल्या गल्लीत, काहीच सांगितलं नाहीस?"

"अगं, त्याला थोडंच हवं होतं ते? ओळख दाखवली, झालं."

"मग नातवाचं 'हाउ आर यू' तेच की! आपल्याकडचं 'ऊटा आतेन्री?' तसंच. विचारणारा काही ताट घेऊन उभा नसतो. 'फाइन' म्हणायचं आणि उलट त्याला विचारायचं."

अक्का रस्त्यातच उभी राहून हसली. मग लग्नघर येईपर्यंत आमची शाळाच भरली. 'कम अगेन?' म्हणजे पुन्हा या नव्हे. नीट ऐकू आलं नाही, परत सांगा. 'आय ॲम अफ्रेड' मध्ये भीती नसते, नकार मऊ करून दिलेला असतो. 'सी यू' म्हणजे आपलं 'येतो', कन्नडातलं 'होगि बर्तेन्री'. निघताना 'जातो' म्हणू नये, हे आपल्याला कुठल्या व्याकरणानं शिकवलं होतं? आणि आपलं लाडकं 'आउट ऑफ स्टेशन' परदेशात फारसं कुणाला उमगत नाही. तिथं 'आउट ऑफ टाउन' म्हणावं.

चुकलं तर? ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज लेखक १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव होते. इथं पाहिलेली गोकुळाष्टमी त्यांच्या 'अ पॅसेज टू इंडिया' या १९२४ च्या कादंबरीत आली. तीत देव म्हणजे प्रेम, असं सांगणारी एक इंग्रजी पाटी आहे आणि तिच्यावर 'इज' ची दोन अक्षरं उलटी पडली आहेत. म्हणून उत्सव काही अडत नाही.

आणि आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व! क्षयानं आजारी होऊन १९४८ मध्ये ते देवासला आले, गाणं बंद पडलं. त्या पडून राहण्यात माळवी लोकगीतं कानांवर आली आणि पुढं त्यांच्या गाण्यात उतरली. परकी बोली आधी ऐकायची असते, हे अक्काला सांगायला मला त्यांचाच दाखला पुरला.

पुढच्या रविवारी फोन वाजला. "हाउ आर यू, आजी?"

"फाइन, बाळा. हाउ आर यू?"

मग काय! पडलेला दात, शाळेतलं भांडण, हरवलेली टोपी, पोरानं सगळं सांगून टाकलं. अक्काला निम्मं कळलं नाही. पण त्या दिवशी चांगली दहा मिनिटं फोन बापाच्या हाती गेला नाही.