माळ्यावरचे सहा डबे

मिरजेत आमच्या गल्लीत दिवस उजाडतो तो कानशी आणि रंध्याच्या आवाजानं. गल्ली तंतुवाद्यं घडवणाऱ्यांची. अब्बांचं सारं आयुष्य सतारी आणि तंबोरे करण्यात गेलं. आम्ही दोघा भावांनी मात्र २००४ साली स्टेशनजवळ एक गाळा भाड्यानं घेऊन सहा संगणकांचा सायबर कॅफे टाकला. अब्बा तेव्हा एवढंच म्हणाले, "हात का काम सीख लेते तो अच्छा होता." पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. त्यांचं ते न बोलणंच आम्हाला जास्त लागायचं.

कॅफे सुरुवातीला बरा चालला. दहावी-बारावीचे निकाल, रेल्वेची तिकिटं, नोकरीचे अर्ज. मग हरेकाच्या हातात मोबाईल आला. २०१५ साली आम्ही शटर ओढलं ते कायमचं. कर्ज फेडताना अम्मीच्या दोन बांगड्या गेल्या. भंगारवाल्यानं सहा संगणकांचा जो भाव सांगितला, तो ऐकून आम्ही सगळं सामान हातगाडीवर घालून घरी आणलं आणि माळ्यावर चढवलं. त्यानंतर सात वर्षं आमच्यापैकी कुणी त्या माळ्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

२०२२ मध्ये अब्बा मोरीत पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, काठीच्या आधारानं खोलीतल्या खोलीत चालू लागले, पण बाहेर जाणं संपलं. त्यांना बाकी कशाचं फारसं वाटलं नाही, उरुसाचं वाटलं. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. खाँसाहेब १९३७ साली गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ उरुसात गाण्याच्या बैठका होतात. अब्बांनी त्यातली रात्र सहसा चुकवली नव्हती. मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या एक्केचाळीस कॅसेटी त्यांच्या ट्रंकेत होत्या. वाजवायला टेप मात्र धड उरला नव्हता.

तेव्हा आमचं ठरलं. माळ्यावरच्या सहा डब्यांतून एक चालता संगणक काढायचा, तो अब्बांच्या खोलीतल्या टीव्हीला जोडायचा आणि अब्बांच्या कॅसेटी, अम्मीच्या सिनेमांच्या व्हीसीडी असं सगळं त्यात भरायचं. बाजारात तयार वस्तू मिळते, हे आम्हालाही ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर त्या सहांतलं काहीतरी एकदा घरच्या कामाला यावं, एवढीच इच्छा होती.

डबे उघडले. आत धुळीचे नमदे आणि एका डब्यात पालीची अंडी. दोन मदरबोर्डांवरचे कपॅसिटर फुगून वर आलेले, ते बाद. तीन डब्यांत जुने पेंटियम फोर. भट्टीसारखे तापणारे, तेही बाजूला. उरला शेवटी घेतलेला कोअर टू ड्युओ. त्याच्यावरची पेस्ट वाळून खडू झाली होती. ती पुसून नवी लावली. रॅमच्या पट्ट्यांची पितळी दिसणारी टोकं शाळेच्या खोडरबरानं घासली. दोन पट्ट्या जगल्या, मिळून दोन जीबी. टीव्हीला जोडायची एचडीएमआयची खाच त्या बोर्डावर नव्हती, म्हणून एक बिनपंख्याचं जुनं ग्राफिक्स कार्ड सांगलीहून आणलं. नवी म्हणून तेवढी एकच खरेदी. आणि तीही जुनीच. लिनक्स आणि कोडी दोन्ही फुकट मिळाले. तिसऱ्या दिवशी टीव्हीवर चित्र आलं आणि आम्ही एकमेकांना टाळी दिली.

अब्बांनी कॉटवरूनच विचारलं, "ये क्या भिनभिन है रे?"

आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. कॅफेत अकरा वर्षं सहा यंत्रांच्या घरघरीत बसून आमचे कान मेले होते. दुकानात चालणारा संगणक आणि निजायच्या खोलीत चालणारा संगणक यांत फरक असतो, हे तेव्हा कळलं. लहान पंखा जोरात फिरतो आणि ओरडतो. म्हणून त्याच्या जागी मोठा पंखा बसवला, आणि बारा व्होल्टच्या पिवळ्या तारेला व पाच व्होल्टच्या लाल तारेला मध्ये धरून सात व्होल्टवर संथ फिरवला. पॉवर सप्लाय उघडून साफ केला. आता शांत झालं, असं आम्ही जाहीर केलं.

"भिनभिन गई. गुनगुन बाकी है," अब्बा म्हणाले. त्यांनी पेटी मागितली. काळी पाच दाबली, कान दिला. पांढरी सात दाबली, कान दिला. "दोनों के बीच में है. ना इधर का, ना उधर का."

हे ते यंत्राबद्दल बोलले की आणखी कुणाबद्दल, ते विचारायची आमची हिंमत झाली नाही.

रात्री आम्ही हिशेब मांडून पाहिला. हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. त्या सप्तकातली काळी पाच साधारण ११६.५ कंपनांची, पांढरी सात १२३.५ ची. एकशेवीस बरोबर मधोमध! आम्ही कागदाकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी अब्बांनी डबा कॉटवर मागवला, पत्र्यावर टिचकी मारली. "ये पत्रा इसकी तबली हो गया है. आवाज तो ये उठा रहा है." सतारीची तार स्वतः फारशी बोलत नाही, तबली आणि भोपळा तिला बोलवतात, इथं डिस्क पत्र्याला स्क्रूनं घट्ट आवळली होती. त्यांनी सायकलची फाटकी ट्यूब मागवली, स्वतःच्या हातानं चार पट्ट्या कापल्या आणि डिस्क त्यांवर झोळीसारखी टांगायला लावली. डब्याखाली नमद्याचे तुकडे घातले. गुणगुण गेली. अब्बा काही बोलले नाहीत, पण पेटी परत न्यायला सांगितली.

मग कॅसेटी. यात घाई चालत नाही; नव्वद मिनिटांची कॅसेट भरायला नव्वद मिनिटंच लागतात. शेजाऱ्यांचा डेक आणला, रोज दोन-तीन भरल्या. एका मिनिटाला साधारण दहा एमबी धरले तर सगळ्या मिळून चाळीस जीबीच्या आतच. कॅफेतली ८० जीबीची डिस्क पुरून उरली.

१९८७ च्या उरुसाची कॅसेट लागली तेव्हा अब्बा अस्वस्थ झाले. "तंबोरा मेरा था. काली एक में मिलाया था. ये चढा हुआ है." बाकी कॅसेटी सुरात होत्या, तेव्हा डेकचा दोष नव्हता. थोड्या वेळानं त्यांनाच आठवलं. त्या रात्री टेपमध्ये नवे सेल घालायला पैसे नव्हते, बॅटरीतले जुनेच घातले होते. सेल उतरत गेले तसा टेप भरताना मंदावत गेला. आता नीट वेगानं वाजवला की आवाज चढत जातो. शेवटाला तर काळी एक सोडून अर्ध्या वाटेनं पांढरी दोनकडे निघालेला.

हे दुरुस्त करता येतं, आम्ही म्हणालो. अब्बांचा विश्वास बसला नाही. आम्ही त्या गाण्याचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे पाडले आणि एकेकाचा वेग कमी करू लागलो. अब्बांनी डोळे मिटले, हात उशीवर ठेवला. "उतार... और थोडा... जास्ती हुआ... बस." लहानपणी आमच्या हातात खुंटी देऊन ते अस्संच सांगायचे, आम्ही तेव्हा कंटाळून पळायचो. सुरुवातीला अर्धा टक्का, शेवटी साडेतीन. चार संध्याकाळी गेल्या. पाचव्या संध्याकाळी सबंध गाणं सलग लावलं. तंबोरा शेवटपर्यंत जागचा हलला नाही. अब्बांनी विचारलं, "वो बाकी के डब्बे बेचे तो नहीं?"

"नाही अब्बा, माळ्यावरच आहेत."

"हं."

या सगळ्यात अम्मीचा सिनेमा राहून गेला होता. जुमेच्या रात्री तिची व्हीसीडी लावली. मोठ्या पडद्यावर चित्र पुसट दिसत होतं, पण तिची तक्रार नव्हती. पहिलं गाणं सुरू झालं आणि अब्बा काठी टेकत उठून बसले. "ये भी चढा हुआ है."

त्यांचं खरंच असावं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. आपल्याकडच्या व्हीसीडीवर तो बहुधा २५ नं पळवतात, की सूर चार टक्के वर. आम्ही कीबोर्ड पुढं ओढला.

"खबरदार," अम्मी म्हणाली. "मेरे पिक्चर कू हात नक्को लगाव."