जीपचे अंदाजपत्रक

जुन्या वाहनावर किती खर्च करावा हा प्रश्न वरकरणी जमाखर्चाचा दिसतो, आणि ज्याचा सारा सेवाकाल लेखापरीक्षणात, म्हणजे इतरांनी केलेल्या खर्चाचे औचित्य तपासण्यात गेला, त्याला तो सोडविणे कठीण जाऊ नये असे कोणालाही वाटेल. परंतु माणदेशातील आमच्या घरामागच्या पडवीत उभ्या असलेल्या जीपसंबंधीची दोन अंदाजपत्रके गेला उन्हाळाभर माझ्या टेबलावर पडून होती, आणि दोहोंच्या बेरजा बिनचूक असूनही कोणत्यावर मंजुरीची सही करावी हे त्या बेरजांवरून ठरत नव्हते. पहिले पुण्याच्या एका कार्यशाळेचे, सहा लाख चाळीस हजारांचे. दुसरे आमच्या तालुक्यातील मिस्त्रींचे, दोन लाख दहा हजारांचे, वहीच्या रेघी पानावर निळ्या शाईने उतरलेले. आहे त्या स्थितीत, कागदपत्रांसह, एका व्यापाऱ्याने गाडीची किंमत केली ती एक लाख ऐंशी हजार. म्हणजे स्वस्तातली दुरुस्तीदेखील गाडीच्या मोलाहून अधिक. आणि सरकारी नियमाच्या दृष्टीने येथेच प्रकरण दप्तरदाखल व्हावयाचे, कारण दुरुस्तीचा खर्च वस्तूच्या उरल्या किमतीबाहेर जाऊ लागला की ती निर्लेखित करून लिलावात काढावी, हा संकेत मी स्वतः अनेक शेऱ्यांत इतरांना ऐकविलेला आहे.

तथापि हीच जीप आमच्या घरी आली ती त्याच संकेताच्या कृपेने.

ती सीजे-३बी या नमुन्याची, उंच बॉनेटची. अमेरिकेतील विलीज कंपनीने १९५३ साली हा नमुना काढला तेव्हा त्यात नवे इंजिन घातले. त्याचे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह ब्लॉकमधून निघून माथ्यावर गेल्यामुळे त्याची उंची वाढली, महायुद्धातील जीपच्या बसक्या बॉनेटखाली ते मावेना, म्हणून बॉनेटच वर उचलले गेले. त्यायोगे गाडीच्या मुखावर जो एक ताठ, काहीसा करडा भाव आला तो अमेरिकेतील रसिकांना फारसा रुचला नाही असे म्हणतात. तिकडे १९६८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. आपल्याकडे मात्र १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत विलीजची जोडणी करणाऱ्या महिंद्र कंपनीने तेच मुख पुढे दीर्घकाळ कायम ठेवले, आणि मामलेदार, वनाधिकारी, आरोग्यकेंद्राचे डॉक्टर, पाटबंधाऱ्याचे ओव्हरसिअर या सर्वांच्या आगमनाची वर्दी गावोगाव त्या बॉनेटनेच दिली. पुढच्या व मागच्या चाकांत ऐंशी इंचांचे अंतर, पुढे जाण्याचे तीन गिअर, आणि मुख्य दांड्याशेजारी आणखी दोन लहान दांडे: एकाने पुढची चाकेही ओढू लागावयाची, दुसऱ्याने सारी चाल सुमारे अडीचपट मंद आणि तितकीच जोरकस व्हावयाची. पहिला गिअर असा हट्टी की गाडी पुरती थांबल्यावाचून तो पडत नाही; चढावर मध्येच तो टाकू पाहणाऱ्याला दातांच्या घासण्याचा जो कर्कश आवाज ऐकावा लागे त्यावरून, चालक नवखा आहे की मुरलेला, हे आम्ही मुले ओट्यावर बसून सांगत असू.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा ही जीप त्यांच्या उपविभागाच्या दिमतीला होती. त्या काळाविषयी आज जे लिहिले जाते त्यात आकडे पुष्कळ असतात, आणि ते खरेही आहेत. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. परंतु त्या पन्नास लाखांपैकी प्रत्येकाचे नाव कोणा कारकुनाच्या हजेरीपटावर चढावयाचे असते, त्याने खणलेल्या खड्ड्याचे माप कोणी तरी टेपाने घ्यावयाचे असते, आणि आठवड्याच्या ठरल्या दिवशी त्याची मजुरी रोख रकमेत त्याच्या हातावर पडावयाची असते, हे आकडे सांगत नाहीत. ज्या पाझर तलावांची आणि नालाबांधांची कामे चालू होती त्यांपैकी निम्म्यांपर्यंत रस्ता असा नव्हताच. माणगंगेचे कोरडे पात्र ओलांडावयाचे तर अण्णा चारही टायरांतील हवा निम्मी उतरवून घेत, म्हणजे रबर वाळूवर पसरे. मग मंद चालीचा दांडा ओढून, पाय एकसारखा ठेवून, मध्ये कोठेही न थांबता ते पलीकडचा काठ गाठीत. वाळूत थांबलेली गाडी निघणे दुरापास्त, आणि पलीकडे खडी फोडणारी माणसे पगाराची वाट पाहत असत. त्या दिवसांत डॅशबोर्डखाली, डाव्या बाजूला, त्यांनी पत्र्याचा एक कप्पा वेल्डिंग करवून घेतला, कारण उघड्या जीपमध्ये हजेरीपट वाऱ्याने उडत आणि धुळीने त्यांवरील अंगठ्यांचे ठसे पुसट होत. तो कप्पा सरकारी मालमत्तेत केलेला बदल होता आणि त्याची रीतसर मंजुरी अण्णांनी मागाहून घेतली. त्या मंजुरीची कार्बन-प्रत अद्याप घरी आहे.

पुढे काही वर्षांनी खात्याने ती गाडी निर्लेखित केली. कागदावर निर्णय निर्दोष होता: इंजिनाचे पुन्हा बोअर करणे, मागची धुरा आणि चारही ब्रेक मिळून येणारा खर्च पाहता सरकारला नवी गाडी परवडत होती, आणि सरकारजवळ जुनीच्या जागी नवी उभी करण्याचे साधन होते. अण्णा तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. लिलावात त्यांनी बोली लावली, आणि गाडी घरी आली. तिच्यावर त्यांनी जे खर्चिले ते तिच्या बोलीच्या रकमेहून कमी नव्हते; आणि १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल ज्या वेगाने महागत गेले त्याला वैतागून, त्या काळी अनेकांनी केले तेच त्यांनीही केले: मूळचे पेट्रोल इंजिन काढून इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या जातीचे डिझेल इंजिन बसविले व परिवहन कार्यालयात त्याची नोंद करविली. त्यानंतर सुमारे वीस वर्षे त्या निर्लेखित गाडीने बी-बियाणे वाहिले, बाजरीची पोती वाहिली, वऱ्हाडे नेली, रात्री-अपरात्री बाळंतिणींना तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचविले. सरकारी नियम चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. तो वस्तूची किंमत मोजतो, आणि ज्याच्याकडे दुसरी वस्तू घेण्याची ऐपत आहे त्याला तेवढे मापन पुरते. आमच्याकडे दुसरी गाडी नव्हती आणि माळावरच्या वाटा मात्र त्याच होत्या.

आता त्या दोन अंदाजपत्रकांकडे वळतो. पुण्याची कार्यशाळा आपल्या विद्येत निष्णात आहे याविषयी मला शंका नाही. तेथील तरुण तंत्रज्ञाने गाडी पाहण्यासाठी गावापर्यंत येण्याची तसदी घेतली आणि दिवसभर तिचे बारकाईने निरीक्षण केले. त्याचा प्रस्ताव असा की डिझेल इंजिन काढून टाकावे, कुर्ल्याच्या भंगारबाजारातून अथवा उत्तरेकडून मूळ जातीचे पेट्रोल इंजिन शोधून बसवावे, बॉडीचा पत्रा पुरता खरवडून कारखान्यातून निघाला तेव्हाच्या रंगात रंगवावा, नंतर जोडलेले सर्व काही, त्यात डॅशबोर्डखालचा तो कप्पाही आला, कापून काढावे, आणि मग २०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार विंटेज वाहन म्हणून तिची नोंदणी करावी. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी हे नियम आहेत; चेसी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा ही त्यांची अट आहे, आणि नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. मात्र अशी गाडी प्रदर्शनासाठी, मेळाव्यासाठी, इंधन भरण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरास मुभा नाही.

हा मसुदा पुनःपुन्हा वाचताना माझ्या ध्यानात आले की गाडी पूर्ववत करावयाची म्हणजे तिला तिच्या आयुष्यातील कोणत्या तारखेला नेऊन उभे करावयाचे, हे आधी ठरल्याखेरीज रकमेविषयी बोलणे व्यर्थ आहे. कारखान्याच्या दारातून ती बाहेर पडली तो दिवस घ्यावा तर दुष्काळ पुसावा लागतो. दुष्काळाचे वर्ष घ्यावे तर अण्णांचे इंजिन जाते आणि त्या इंजिनाने केलेली वीस वर्षांची ये-जा जाते. संग्रहालयाला पहिली तारीख निवडणे योग्यच आहे, कारण तेथे वस्तू आपल्या जातीची प्रतिनिधी म्हणून उभी असते, आणि तशा काही जीपा कोणी तरी निगुतीने राखल्या पाहिजेत असे मला मनापासून वाटते. आमची जीप मात्र कोणाची प्रतिनिधी नाही. तिला ज्या तारखेला न्यावयाचे ती म्हणजे ती शेवटची कामावर होती तो दिवस. ही तारीख एकदा पक्की झाली आणि अंदाजपत्रकातील प्रत्येक बाब आपोआप मंजूर वा नामंजूर होऊ लागली.

त्या दृष्टीने पाहता मिस्त्रींची तपासणी मला अधिक मोलाची वाटली. त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. गाडीखाली पोते अंथरून ते आडवे झाले आणि लहान हातोडीने चेसीच्या दोन्ही लोखंडी धारा पुढून मागे, वितीवितीच्या अंतराने, ठोकीत गेले. धड लोखंड टणत्कार करते. आतून गंजाने खाल्लेले बद्द बोलते. मागच्या पाट्यांचा टेकू जेथे बसतो तेथे, दोन्ही अंगांना, आवाज पडला. त्या खोबणीत ओला चिखल वर्षानुवर्षे साचून राहतो, धुतानाही तेथवर पाणी पोहोचत नाही, आणि पत्रा आतून पोखरत जातो. मिस्त्रींनी तेथे खडूने खुणा केल्या, बाहेर आले, आणि म्हणाले, "साहेब, रंग कुणीबी दील मारून. चेसी धड आसंल तर गाडी हाय, न्हाईतर नुसता पत्रा." त्यांच्या यादीत पहिली रक्कम त्या दोन जागांची होती, नंतर चारही ब्रेक, नंतर स्टिअरिंग बॉक्स, कारण चाक चांगले चार बोटे फिरविल्यावर मग कोठे पुढची चाके हुकूम मानीत होती, नंतर पुढच्या धुरेचे सांधे, ज्यांतून तेल गळून ब्रेकच्या ड्रमवर उतरते, आणि नंतर सारे वायरिंग नवे, कारण या नमुन्यात इंधनाची टाकी चालकाच्या आसनाखालीच असते आणि त्या जागी जुनी, सोललेली वायर ठेवणे म्हणजे जिवाशी खेळ. इंजिन उघडावयाचे नाही, केवळ पंप आणि नोझल तपासून घ्यावयाचे. रंगाची रक्कम सर्वांत शेवटी व सर्वांत लहान: जेथे जोडकाम होईल तेथे रेड ऑक्साइड आणि वर हिरवा हात.

हा क्रम माझ्या मते अचूक आहे. पुण्याच्या कागदात रंगकाम आणि पत्रा मिळून जवळजवळ दोन लाख होते, म्हणजे मिस्त्रींच्या साऱ्या कामाइतके; आणि इतके पैसे ज्या पत्र्यावर ओतले त्या पत्र्याला बाभळीच्या काट्याचा ओरखडा सोसण्याचे सामर्थ्य मालकाच्या मनात उरत नाही. पुतण्याचे डाळिंबाचे क्षेत्र माळाच्या पलीकडे आहे, वरच्या विहिरीकडे जाणारी वाट दर पावसाळ्यात ओघळीने तुटते, आणि त्या वाटेच्या दोन्ही अंगांना बाभळीच आहेत. तेथे न जाणाऱ्या जीपवर सहा लाख चाळीस हजार खर्चणे मला अवाजवी वाटते. तेथे जाणाऱ्या जीपवर अडीच लाख खर्चणे वाजवी वाटते, तिची बाजारातील किंमत एक लाख ऐंशी हजार असो वा ऐंशी हजार. ती विकावयाची नसल्याने त्या किमतीचा आमच्याशी संबंध दुरूनच येतो.

अडीच लाख म्हणण्याचे कारण असे की मिस्त्रींच्या दोन लाख दहा हजारांवर मी शेकडा वीस आकस्मिक खर्चाची तरतूद धरली आहे. बांधकामाच्या अंदाजपत्रकांत अण्णा शेकडा चार-पाच धरीत. परंतु बांध जमिनीच्या वर उभा असतो आणि त्याचे माप घेता येते, जुन्या गाडीचे निम्मे काम खोलल्यावर दिसते. ही तरतूद प्रथमच वेगळी काढून ठेवली नाही तर काम अर्ध्यावर आल्यानंतर माणूस थांबूही शकत नाही आणि नाकारूही शकत नाही. आजपर्यंत झालेला खर्च वाया जाईल या भीतीने पुढचा खर्च मंजूर होत राहतो, आणि असे प्रकार लेखापरीक्षणात मी शेकड्यांनी पाहिले आहेत. म्हणून दोन लाख बावन्न हजार ही मर्यादा लेखी ठरविली असून तीत मिस्त्री, पुतण्या आणि मी अशा तिघांच्या सह्या आहेत. गाडीची नोंदणी धाकट्या भावाने आजवर चुकविलेली नाही. पाच वर्षांनी येणारे नूतनीकरण, त्याचे शुल्क आणि पर्यावरण कर हे या रकमेबाहेर, चालू खर्चात.

सह्या झाल्यावर पुतण्याने एक बाब वाढविण्याची विनंती केली. "काका, पुढच्या दोन्ही सीटना पट्टे पाहिजेत," तो म्हणाला. त्याची मुलगी चार वर्षांची आहे आणि तिला शेतावर नेताना उघड्या बाजूची त्याला धास्ती वाटते. या जीपला आसनपट्टे कधीच नव्हते, अण्णांनाही त्यांची गरज भासली नव्हती. चेसीला स्वतंत्र पट्टी वेल्डिंग करून त्यांचे बोल्ट त्या पट्टीत घ्यावेत, नुसत्या तळपत्र्यात घेऊ नयेत, कारण झटका बसताच पत्रा फाटेल, एवढी सूचना मी मिस्त्रींना केली, आणि ही बाब आकस्मिक खर्चातून न भागविता सहा हजार रुपयांची पुरवणी मंजुरी म्हणून वहीच्या त्याच पानावर, ब्रेकच्या खाली, लिहून दिली.