घरचा कॅमेरा घेताना

माझ्या वडिलांचा एकच फोटो आमच्या घरात आहे. तोही नोकरीच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. नजर ताठ, ओठ घट्ट मिटलेले. ते खळखळून हसत, हे मुलांना सांगितले तरी त्यांना खरे वाटत नाही. त्या काळी फोटो म्हणजे स्टुडिओ, आणि स्टुडिओ म्हणजे एका दिवसाची मजुरी. आता आईने ऐंशी ओलांडली. तिचे तसे होऊ नये म्हणून घरात एक साधा कॅमेरा घ्यायचे आम्ही ठरवले.

"मोबाईल आहे की!" धाकटा म्हणालाच. खरे आहे, मोबाईल फोटो चांगले काढतो. पण आमच्या घरातला मोबाईल कामावर जाणाऱ्याबरोबर बाहेर जातो. शाळा सुटल्यावर घरी असतात आई आणि माझी लेक. तिच्या हाती निर्धास्त देता येईल असे यंत्र हवे होते.

कष्टकऱ्याच्या घरी कॅमेरा ही तशी जुनी गोष्ट. १९०० साली अमेरिकेत कोडॅकने 'ब्राउनी' हा डब्यासारखा कॅमेरा एक डॉलरला विकायला काढला आणि सामान्य माणूस स्वतःचे फोटो स्वतः काढू लागला. १९७७ साली कोनिकाचा सी-३५ एएफ आला. त्यात अंतरही यंत्रच जुळवू लागले. नेम धरा आणि बटण दाबा, एवढेच काम उरले. पुढे रीळ गेले, कार्ड आले.

मोबाईल आल्यावर मोठ्या कंपन्यांनी बरेच स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेरे बंद केले. म्हणून आम्ही सहा हजारांच्या आत वापरलेला कॅमेरा शोधला. दुकानदाराने आधी आकडाच पुढे केला, "ताई, वीस मेगापिक्सेल आहे!" नवख्याला भुरळ पडते ती इथेच. लेकीने हिशेब मांडला. चार बाय सहा इंचाचा फोटो स्वच्छ छापायला इंचाला ३०० ठिपके लागतात. म्हणजे १२०० गुणिले १८००, एकूण २१ लाख ६० हजार. सव्वादोन मेगापिक्सेल पुरे झाले! भिंतीवरच्या आठ बाय बाराच्या फोटोलाही नऊच्या आत भागते. मग वीसचे जादा पैसे कशाला द्यायचे?

त्याऐवजी आम्ही चार गोष्टी पाहिल्या. पहिली, झूम. भिंग पुढे सरकून जवळ आणते तो ऑप्टिकल झूम खरा. डिजिटल झूम आहे तेच चित्र ताणतो. दुसरी, उजेड. आमच्या खोलीत एकच ट्यूबलाइट. भिंगावर 'एफ'च्या पुढे लिहिलेला आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो. लहान कॅमेऱ्याचा फ्लॅश जेमतेम तीन-चार मीटर पोचतो. खोलीत चालतो, पण विहारातल्या लग्नात मागच्या रांगेतून त्याचा उपयोग नाही. तिसरी, कार्ड आणि बॅटरी. काही जुन्या कॅमेऱ्यांना एक्सडी कार्ड लागते, ते आता बनत नाही. एसडी कार्डाचा घ्यावा. बॅटरी फुगलेली नसावी, चार्जर सोबत मागून घ्यावा. चौथी, पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढून पाहावा. दर वेळी त्याच जागी काळे डाग दिसले, तर धूळ आत गेली आहे असे समजावे.

घरी आल्यावर लेकीने आजीला दाराशी बसवले, उजेड तोंडावर येईल असे. आई लगेच ताठ झाली, पदर सारखा करून श्वास रोखून बसली. तसे दोन फोटो निघाले. मग लेक म्हणाली, "आजी, तू तांदूळ निवड. मी नुसती बसते." थोड्या वेळाने आई कशाला तरी हसली, आणि बटण दाबले गेले. आईने तो फोटो पाहिला आणि म्हणाली, "दात नाहीत गं मला!" आणि पुन्हा हसली.

वाचक भगिनींनो, बंधूंनो, कॅमेरा महाग असो की स्वस्त, फोटो कार्डात पडून राहिले तर कार्डाबरोबरच जातील. दर महिन्याला चार-पाच निवडून छापून घ्या. आणि मागे हलक्या हाताने नाव, गाव आणि साल लिहा. आज ओळखीचा वाटणारा चेहरा नातवंडांना अनोळखी असतो. लिहिलेले नाव त्यांना सांगेल की ही आपली माणसे होती.